हाइलचे ससे आणि आमचं मासे मारायचं धनुष्य

सुट्टीत गावी आल्यापासून जी भेटते ती एकच विचारते, "ससा कसा लागतो गो?" कारण लढाई संपताच आमच्या ह्यांनी गावी निरोप धाडला होता की आम्ही हाइलला सुखरूप होतो, आणि तिथे सशांच्या मागे फिरून ह्यांनी धनुष्याने शिकार केली. निरोप खोटा नाही. शिकार झाली हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पण ससा कसा लागतो ते मला माहीत नाही, आणि विहिरीवर, मासळीबाजारात, लग्नघरी सगळीकडे तीच गोष्ट पहिल्यापासून सांगून माझा घसा बसला आहे. म्हणून एकदाच लिहून काढते.

रियाध सोडताना

जानेवारीत आखातात लढाई सुरू झाली तेव्हा आम्ही तिघं रियाधमध्ये होतो. मी, आमचे हे, म्हणजे हमीद, आणि आमची तेरा वर्षांची नसरीन. हे फहद नावाच्या कफीलाकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे, पंप दुरुस्त करायच्या कामावर. आम्ही काचांना चिकटपट्ट्या लावल्या, नसरीनची शाळा बंद झाली, आणि कामावरून ह्यांना घरातल्या माणसांपुरते गॅसचे मुखवटे मिळाले. ते चढवले की तिघंही बेडकासारखे दिसायचो. पहिल्या सायरनला मी नसरीन समजून ह्यांचंच डोकं मांडीवर घेऊन थोपटत बसले होते, आणि ह्यांनीही काही सांगितलं नाही.

फहद मूळचे हाइलचे. तिथे त्यांची गव्हाची शेती, मोठं घर, आणि त्या घरात त्यांची आई. ते बायकामुलांना जिद्द्याला बायकोच्या माहेरी पोचवून स्वतः हाइलला निघाले होते. आम्हाला म्हणाले, "तुम्ही इथे एकटे काय करणार? यल्ला, सामान भरा."

मी भरलं ते शहाण्या बाईने भरावं तसं. कागदपत्रं, चार बांगड्या, मुखवटे, खोबरेल तेलाची बाटली, घरच्या मसाल्याची बरणी, आणि सगळ्यात तळाशी तीन पिशव्यांत गुंडाळलेला सुका जवळा. सुकवलेली बारीक कोळंबी ती. गावाहून आणलेली, आणि पुढची सुट्टी येईपर्यंत पुरवायची होती. ह्यांनी भिंतीवरचं धनुष्य काढून घेतलं.

या धनुष्याबद्दल सांगायला हवं. रायगडात आमच्या खाडीकाठच्या गावाशेजारी कातकऱ्यांची वाडी आहे. तिथला सोमा हा ह्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघं शाळा बुडवून धनुष्याने मासे मारायचे. लग्नानंतर हे परदेशी निघाले तेव्हा सोमाने स्वतःच्या हाताने बांबूचं धनुष्य आणि मूठभर बाण करून दिले. ते इतकी वर्षं आमच्या रियाधच्या भिंतीवर टांगलेलं होतं. पाहुणे विचारायचे, हे काय आहे? मग हे जे सुरू व्हायचे ते चहा गार होईपर्यंत.

धनुष्य गाडीत मावेना, म्हणून त्याचं एक टोक खिडकीबाहेर काढलं. बुरैदाच्या अलीकडे चौकीवर एका तरुण शिपायाने गाडी थांबवली. कागद बघितले, मुखवटे बघितले, मग त्याची नजर त्या टोकावर गेली.

"हे काय?"

"धनुष्य," हे म्हणाले.

त्याने हाक मारून आणखी दोघांना बोलावलं. तिघांनी धनुष्याला आळीपाळीने हात लावून पाहिला. मग त्यांच्यातला मोठा अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "लढाई त्या बाजूला आहे. तुम्ही भलत्याच रस्त्याला लागलात." आणि मूठभर खजूर देऊन आम्हाला सोडलं.

हाइल

ज्यांनी हाइल पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, वाळवंट म्हणजे नुसती वाळू नाही. एका बाजूला अजा नावाचे काळसर डोंगर, दुसऱ्या बाजूला तांबडी वाळू, आणि मधे एकदम हिरवागार गहू. तोसुद्धा गोल. पाणी देणारा लांबलचक नळ चाकांवर फिरतो, तो फिरेल तेवढंच शेत. आमच्याकडे शेताचा आकार भाऊबंदांची भांडणं ठरवतात, इथे पंप ठरवतो. ते पाहून हे इतके खूश झाले की जणू सगळे गोल ह्यांनीच काढले होते.

आणि थंडी. सौदीत थंडी असते हे गावात कोणाला पटत नाही. पण माझं खोबरेल तेल बाटलीत दगड होऊन बसलं होतं, आणि नसरीन दोन स्वेटर घालून "मम्मी, आय ॲम डाइंग" म्हणत होती.

घरात राज्य फहदांच्या आईचं. त्यांना सगळे उम्म फहद, म्हणजे फहदची आई, म्हणत. काटक म्हातारी, डोळे तेवढे दिसतील असा काळा बुरखा, आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. स्वयंपाकघर अंगणापलीकडे वेगळं होतं आणि त्याची किल्ली त्या जुडग्यात. सकाळी त्या दार उघडायच्या, दारातच बैठक मारून कॉफी प्यायच्या, आत काम करणाऱ्या बाईला हुकूम सोडायच्या, आणि शेवटी कुलूप लावायच्या.

पाहुणचार मात्र असा की मी जन्मात पाहिला नव्हता. रोज भला मोठा थाळ, त्यात भात, त्यावर मटण. उम्म फहद स्वतःच्या हाताने चांगले चांगले तुकडे तोडून आमच्यापुढे टाकायच्या. मी पुरे म्हटलं की आणखी दोन. भाताला वास सुंदर, पण तिखटाचा पत्ता नाही. चार दिवसांत माझ्या जिभेची पार रया गेली.

जीभ एक वेळ सांभाळली असती. रिकामे हात सांभाळता येईनात. आमच्याकडे पाहुणी आली की घटकाभरात ती विळीवर बसलेली असते, आणि तिला कोणी कांदा चिरायला दिला नाही तर ती समजून जाते की घरवालीच्या मनात काहीतरी आहे. इथे मला चमचाही उचलू देत नव्हते. दिवसभर उशीला टेकून बसायचं. काम नसलं की मला सायरन ऐकू यायचा. हाइलला सायरन नव्हता, तरी यायचा. आपण कोणाच्या तरी घरी ठेवलेलं गाठोडं आहोत असं वाटायचं, आणि एकदा दुपारी मी न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं.

मग नसरीनला दुभाषी करून मी उम्म फहदना म्हटलं, एक दिवस मला रांधू द्या. नसरीनचं शाळेतलं अरबी, त्यामुळे ती वाक्यावाक्याला अडखळत होती. म्हातारीने दोन्ही हात कानांवर ठेवले.

"शी सेज नो," नसरीन म्हणाली.

"एवढं मोठं बोलल्या, आणि अर्थ एवढाच?"

"मम्मी, बाकी सब सेम ही था. पाहुणी चुलीजवळ गेली तर लोक त्यांच्या तोंडात शेण घालतील, असं काहीतरी."

पण एक सवलत होती. त्यांच्या घरची रीत अशी की पाहुण्याने शिकार करून आणली तर ती शिकाऱ्याच्या बायकोनेच रांधायची. त्या दिवशी स्वयंपाकघराची किल्ली तिच्या हातात. फहदांच्या आजोबांच्या काळात एक पाहुणीण अशी आठवडाभर रांधत होती म्हणे.

फहदांकडे बंदूक होती. पण जवळच फौजेचा तळ पडला होता आणि लढाई संपेपर्यंत कोणी बंदूक वाजवायची नाही अशी ताकीद होती. फहदांनी खांदे उडवले. तेवढ्यात कोपऱ्यातून आमच्यांचा आवाज आला, "बंदूक कशाला पायजे? माझं धनुष्य हाय ना."

लग्नानंतर पहिल्यांदा मला त्या धनुष्याबद्दल प्रेम वाटलं.

वाळूत

शिकारीला जायचं म्हणजे सगळ्यांनी जायचं. फहद गाडी चालवायला, शेजारी उम्म फहद, आणि मागे उघड्यावर आम्ही तिघं, घोंगड्या, कॉफीची किटली आणि धनुष्य. वाळूतून गाडी अशी उडत होती की बोलायला तोंड उघडलं की जीभ चावायची. नसरीन मात्र पहिल्यांदाच हसत होती.

फहदांना ठसे वाचता येत. थोड्याच वेळात त्यांनी गाडी थांबवून एका झुडपाकडे बोट केलं. झुडपाखाली ससा. इथला ससा आपल्यापेक्षा बारीक, आणि कान एवढे लांब की ते त्याला कोणीतरी मोठ्या सशाचे दिले असावेत.

सोमाच्या धनुष्याचा बाण नीट लागायचा तर अंगणाच्या या टोकाला आपण आणि त्या टोकाला सावज, एवढंच अंतर पाहिजे. रायगडच्या रानात ते जमतं. तिथे दर पावलाला झाड आहे. इथे चार कोसांत ते एक झुडूप, आणि त्याच्याखाली ससा बसलेला. हे पोटावर सरपटत निघाले. मीच विणलेला निळाशार स्वेटर अंगात. गाडीतून उम्म फहद काहीतरी पुटपुटल्या.

"त्या म्हणतात, वाळूत समुद्र निघालाय," नसरीनने सांगितलं.

तरी हे पोचले. गुडघ्यावर उठले, बाण ओढला. शिकार हलाल व्हायची तर बाण सोडताना बिस्मिल्लाह म्हणायला हवं. पण आमच्यांचं आयुष्य चालू पंपाशेजारी गेलेलं. ह्यांना हळू बोलता येत नाही. हे घरात मीठ मागतात तेव्हा शेजारीण मीठ घेऊन येते. त्या निःशब्द वाळवंटात ह्यांनी असं काही बिस्मिल्लाह म्हटलं की ससा तर गेलाच, फहदांच्या हातातली कॉफीही सांडली. बाण ससा होता तिथे आरामात जाऊन पोचला.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर मी ह्यांच्याकडून हळू म्हणायचा सराव करून घेतला. यावेळी ससा बसून राहिला. बाण सुटला आणि सशाच्या पुढ्यात वाळूत रुतला. सशाने बाणाकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, आणि चालत निघून गेला. पळालासुद्धा नाही, हे ह्यांना फार लागलं.

मग रोज तेच. बाण सरळ जायचा, पण खाली. पुढच्या पायांशी, नाहीतर पोटाखाली. उम्म फहदनी बाण हातात घेऊन पाहिला आणि त्याला मागे पिसं कशी नाहीत असं विचारलं. मासे मारायच्या बाणाला पिसं नसतात. म्हातारीने घरी जाऊन आपल्या कोंबड्याला पकडलं आणि त्याच्या शेपटीतली चांगली लांब पिसं उपटून आणली. तेव्हापासून तो कोंबडा ह्यांना पाहिलं की अंगावर यायचा. कोरड्या हवेने बांबू तडकायला लागला, तर हे माझं खोबरेल उन्हात वितळवून धनुष्याला चोळायला लागले. माझे केस झाडूसारखे झाले आणि धनुष्य कसं तुकतुकीत.

बाण मात्र खालीच.

शेवटी नसरीनच वैतागून म्हणाली, "पप्पा, खरगोश पानी में नहीं है."

पोरगी बरोबर बोलली होती. पाण्यातला मासा असतो त्याहून वर दिसतो. म्हणून नेम धरायचा तो दिसतो त्याच्या खाली. सोमाने लहानपणी हे ह्यांच्या हाडात मुरवलं होतं, आणि आता हे अख्ख्या वाळवंटाला खाडी समजून बाण मारत होते.

कारण कळलं म्हणजे काम झालं, असं मला वाटलं. मी जाऊन जवळ्याची पिशवी ट्रंकेच्या तळातून वर आणून ठेवली. पण हाडातलं असं कळून निघत नाही. ह्यांनी कानांवर नेम धरला, आणि ऐन बाण सुटताना हात आपोआप खाली आला. पुढच्या खेपेला आभाळाकडे नेम धरला, तेव्हा बाण सशाच्या कितीतरी पलीकडे गेला आणि तो शोधण्यात दुपार गेली.

त्या दिवशी बाण शोधून हे माझ्याशेजारी वाळूत येऊन बसले.

"सोमा कितीदा रिकाम्या हातानं घरी यायचा, माहिती हाय?" हे म्हणाले. ह्यांच्या मानाने हळू. "मी चिडायचो. तो नाय. तो म्हणायचा, काठीचं धनुष्य हाय, ते काठीएवढंच करणार. भातावर मीठ घालून जेवायचा नि झोपायचा."

"मग?"

"मग काय. माझं धनुष्य माशांचं, हात माशांचा. ससा माझ्याच्यानं व्हायचा नाय."

आणि उठून सरळ उम्म फहदपुढे जाऊन उभे राहिले. "खलास," हे म्हणाले. "ससा नाही. मला जमत नाही."

म्हातारीला ते आवडलं असावं, कारण तिने मान डोलावली. मला अजिबात आवडलं नाही. इतक्या वर्षांच्या बढाया आम्ही ऐकून घेतल्या, आणि हार मानायची ती नेमकी माझ्या चुलीच्या वेळी. परतीच्या वाटेवर मी ह्यांच्याशी बोलले नाही. डोळ्यांत पाणी आलं तर वाळू गेली म्हणून सांगितलं.

अंगणात

घरी आल्यावर उम्म फहद गाडीतून उतरल्या त्या थेट खुराड्याकडे गेल्या. दार उघडून शेपटी गेलेल्या कोंबड्याला बाहेर काढलं, त्याला अंगणाच्या मधोमध सोडलं आणि आमच्याकडे वळल्या.

"हा आजपासून रानटी," नसरीनने भाषांतर केलं. मग स्वतःच्या मनाने जोडलं, "पप्पा, प्लीज."

अंगण धनुष्याच्या बेताचं. कोंबडा गुबगुबीत. सशासारखा पळणारा नव्हे, उलट ह्यांच्याच दिशेने चालून येणारा. यापेक्षा सोपी शिकार कुठे मिळणार होती? फहद दारात उभे राहिले, काम करणारी बाई खिडकीत. ह्यांनी बाण लावला. हळूच बिस्मिल्लाह म्हटलं. बाण सोडला.

कोंबड्याने उडी मारली. बाण त्याच्या पायांखालून गेला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवलेल्या गोणीत खचकन घुसला.

उम्म फहद चालत गोणीपाशी गेल्या. बाण ओढून काढला. त्याच्या टोकावर एक चांगला मोठा कांदा आरपार घुसला होता. त्यांनी तो उन्हात धरून सगळ्या बाजूंनी पाहिला.

"बिस्मिल्लाह म्हणाला होतास?"

"हो," हे म्हणाले.

"मग हलाल," म्हातारी म्हणाली. तिने जुडग्यातली एक किल्ली काढून स्वयंपाकघर उघडलं आणि बाण कांद्यासकट माझ्या हातात दिला. रीत म्हणजे रीत.

चूल

कांदा चिरताना मला जे वाटलं ते कोणाला सांगून कळणार नाही. रडू येत होतं, आणि यावेळी न्हाणीघरात जायची गरज नव्हती. सुरी तिथली, तवा तिथला, पण हात माझे होते. एका कांद्यावर एवढ्या माणसांचं काय होणार म्हणून बाईने गोणीतले आणखी दोन काढून दिले. ते शिकारीचे भाऊ आहेत असं मी मनाशी ठरवलं.

मग मी तवा तापवून त्यावर जवळा टाकला.

आपल्याकडे जवळा भाजायला घेतला की शेजारी विचारतात, आज काय बेत? त्या वासाने आमच्या आळीतली माणसं वेळेआधी घरी येतात. पण हाइलपासून समुद्र कुठल्या कुठे. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी तो वास घेतला नव्हता, आणि बाहेर लढाई चालू होती. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी खुशीत ढवळत होते.

पहिल्यांदा काम करणारी बाई नाकाला ओढणी लावून पळाली. मग अंगणात धावपळ ऐकू आली, आणि फहदांचा आवाज, "गॅस! गॅस!" मी मागे वळून पाहते तो दारात मुखवटा चढवलेले फहद. त्यांच्यामागे बुरख्यावरूनच मुखवटा बसवलेल्या उम्म फहद, आणि काखेत त्यांचा तो रानटी कोंबडा. त्याच्या डोक्याला त्यांनी ओलं फडकं गुंडाळलं होतं. फहद मला हातांनी खुणा करत होते, बाहेर ये, बाहेर ये. मी हातात उलथनं घेऊन तशीच उभी.

तेवढ्यात हे पळत आले. मुखवटा हातात. दारात थबकले, एक मोठा श्वास घेतला, आणि ह्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की फहद आणखीच घाबरले. त्यांना वाटलं, गॅस ह्यांच्या डोक्यात गेला.

"अंकल," नसरीन शरमेने लाल होऊन म्हणाली, "ये गॅस नहीं है. ये जवला है."

सगळ्यांना समजावून बसवेपर्यंत भाजी झाली होती. कांदा, जवळा, माझा मसाला, वरून थोडी चिंच. मी रोटीचा तुकडा मोडला, त्यात भाजी घेतली आणि उम्म फहदपुढे धरला. मुखवट्याच्या दोन गोल काचांतून त्या माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी कोंबडा खाली ठेवला, मुखवटा काढला, आणि नाक दाबून घास तोंडात टाकला.

त्यांनी चावला. थांबल्या. डोळ्यांतून पाणी आलं. फहद पाणी आणायला उठले तर त्यांनी हातानेच त्यांना बसवलं. नाकावरचे हात काढले आणि दुसरा घास स्वतः घेतला. मग तिसरा. मग थाळी हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

माझे हात रिकामे होते, पण सायरन ऐकू येत नव्हता.

थाळी पुसून झाल्यावर उम्म फहदनी कमरेचा जुडगा सोडला, त्यातली स्वयंपाकघराची किल्ली वेगळी केली आणि माझ्यापुढे ठेवली. मग अंगणात बाणाचं टोक धूत बसलेल्या ह्यांना त्यांनी हाक मारली.

"हमीद, उद्या दोन मार."